बिल्डर सभासद होतात, मग आपण का नाही?



बिल्डर लोकांच्या संघटनेची शहापूर-मुरबाडला वेगळी शाखा आहे, हे मागच्या बैठकीत आम्ही सांगितलं तेव्हा बरेच जण हसले. एक काका म्हणाले, "त्यांना कशाला पायजे संघटना? त्यांच्याकडं पैसा हाय ना. संघटना लागते ती आपल्यासारख्यांना." काकांचं म्हणणं बरोबर वाटतं. आम्हालाही तसंच वाटायचं. पण ज्यांच्याकडे पैसा आहे, वकील आहे, गाडी आहे, ते लोकसुद्धा वर्गणी भरून सभासद होतात, बैठकीला वेळेवर जातात आणि एका आवाजात बोलतात. आणि आपण, ज्यांच्याकडे एकीशिवाय दुसरं काहीच नाही, ते ग्रामसभेला जायचं म्हटलं की म्हणतो, आज लाकडं आणायची आहेत. म्हणून या अंकात बिल्डरांच्या संघटनेबद्दल लिहायचं ठरवलं. शिव्या द्यायला नाही, त्या देऊन झाल्यात. ती चालते कशी ते समजून घ्यायला.

या संघटनेचं नाव क्रेडाई-एमसीएचआय. एमसीएचआय म्हणजे महाराष्ट्र चेंबर ऑफ हाउसिंग इंडस्ट्री. ती १९८२ साली मुंबईत निघाली. पुढे १९९९ साली देशभरच्या बिल्डरांची क्रेडाई झाली आणि ही तिला जोडली गेली. जुन्या कार्यकर्त्यांना १९८२ हे साल दुसऱ्या कारणाने आठवत असेल. त्याच साली वसईकडे वेठबिगारांच्या सुटकेच्या लढ्यातून श्रमजीवी संघटना उभी राहिली. म्हणजे एकाच साली मुंबईत घरं बांधून विकणारे एकत्र आले, आणि मुंबईपासून दोन तासांवर मालकाच्या दारात बांधलेले आपले लोक एकत्र आले. दोन्ही संघटना आज आहेत.

बिल्डरांच्या संघटनेत १८०० च्या वर सभासद आहेत असं ती स्वतः सांगते. मुंबईत मुख्य कचेरी आणि बाहेर शाखा. शाखांची नावं नीट ऐका. ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-विरार, नवी मुंबई, रायगड, इथपर्यंत ठीक आहे, ती बहुतेक शहरं आहेत. पण पुढची नावं अशी: पालघर-बोईसर, भिवंडी, उरण-द्रोणागिरी, शहापूर-मुरबाड, अलिबाग, कर्जत-खालापूर-खोपोली, पेण. ही यादी आम्ही एका बैठकीत मोठ्याने वाचली तेव्हा सभा गप्प झाली. कारण ही आपल्या तालुक्यांची यादी आहे. वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी जिथे राहतात ते हे तालुके. जिथे घर विकायचं तिथे त्यांची शाखा निघते. जमीन कुठे बघितली जातेय हे कळायला दुसरा नकाशा लागत नाही.

आता सभासद होण्याचा त्यांना फायदा काय, ते बघू. रेरा कायदा २०१६ चा. तो १ मे २०१७ पासून पुरा लागू झाला आणि राज्यात महारेरा आलं. बिल्डर पैसे घेतात आणि घराचा ताबा वर्षानुवर्षं देत नाहीत, अशा तक्रारी फार झाल्या, म्हणून तो कायदा करावा लागला. पुढे २०१९ मध्ये महारेराने असा हुकूम काढला की नवा प्रकल्प नोंदवायचा असेल तर बिल्डर एखाद्या मान्यताप्राप्त संघटनेचा सभासद पाहिजे. संघटनेने आपल्या सभासदाला शिस्त लावावी हा त्यामागचा हेतू, तो वाईट नाही. पण बघा, सरकारच सांगतंय की एकटा येऊ नको, संघटनेत जा आणि मग ये. आपण मोर्चा घेऊन तहसीलला गेलो तर आपल्याला काय सांगतात? "सगळे कशाला आलात, एकट्याने अर्ज द्या."

दुसरं काम म्हणजे सरकारकडे मागणं मांडणं. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, घरं विकली जाईनात. बिल्डरांच्या संघटनांनी मागणी लावून धरली. १ सप्टेंबर २०२० पासून मुंबईत घरखरेदीची स्टॅम्प ड्युटी ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली, नववर्षापासून मार्चपर्यंत ३ टक्के राहिली. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बांधकामाचं प्रीमियम निम्मं केलं. प्रीमियम म्हणजे जास्त बांधायची परवानगी घेताना सरकारला आणि पालिकेला जे भरायचं ते. ही सूट डिसेंबरपर्यंत होती. अट एवढीच की गिऱ्हाइकाची स्टॅम्प ड्युटी बिल्डरने भरायची.

त्याच लॉकडाऊनमध्ये आपल्यासाठी खावटी परत सुरू झाली. कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले २,००० रोख आणि २,००० चं सामान. नाकारायचं कारण नव्हतं, घरात काहीच नव्हतं. सामानाची पिशवी यायला किती दिवस लागले ते प्रत्येक पाड्याला माहीत आहे. सूट मिळाली म्हणून आम्हाला पोटात दुखत नाही. पण ती त्यांनी मागितली, कागद तयार ठेवून मागितली, आणि मागणारे सगळे एकच आकडा बोलत होते. आपल्या तीन पाड्यांनी खावटीसाठी तीन वेगळे अर्ज दिले होते आणि तिन्ही अर्जांत कुटुंबांची संख्या वेगळी होती.

तिसरं काम म्हणजे घरांचं प्रदर्शन. ते कसलं असतं ते बघायला आमच्यातले चौघं मुंबईला जाऊन आलो. असली प्रदर्शनं कुर्ल्याला लागून असलेल्या बीकेसीत भरतात. कसारा लोकल पकडायची आणि कुर्ल्याला उतरायचं. ठाणं गेलं की मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर अशी स्टेशनं लागतात आणि दोन्ही बाजूंनी टॉवर सुरू होतात, मान वर करून बघावं लागतं. कुर्ल्याला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षा. नाव नोंदवलं की आत सोडतात. आमच्याबरोबर एक मावशी होती. तिने आयुष्यातली वीस-बावीस वर्षं दिवाळीनंतर वीटभट्टीवर काढली आहेत. प्रदर्शनात टेबलावर काचेच्या पेटीत इमारतीची छोटी प्रतिकृती ठेवलेली होती, आत दिवे लावलेले. मावशी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यात ईट कुठं दिसत नाय."

एका स्टॉलवर आपल्या बाजूचे प्लॉट होते. सेकंड होम म्हणतात त्याला, म्हणजे शनिवार-रविवारी येऊन राहायचं दुसरं घर. नकाशात धरण होतं, डोंगर होता, समृद्धी महामार्ग जाड रेघेने काढला होता, स्टेशनपासून किती मिनिटं ते लिहिलं होतं. पाडा एकही नव्हता. आम्ही बोट ठेवून विचारलं, इथे वस्ती आहे ना? तो पोरगा चांगला होता, आमच्याच वयाचा. तो म्हणाला, सर, ते मला माहीत नाही, मला मॅप असाच दिलाय. मग मावशीने विचारलं, "पाणी कुठलं देनार?" त्याने हसून धरणावर बोट ठेवलं. भातसा, तानसा, मोडकसागर यांचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल लागला की त्याच शहापुरातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. हे त्या पोराला सांगून उपयोग नव्हता. आम्ही कागद घेतला आणि निघालो.

कुर्ल्याचं नाव आलंच आहे तर त्याच तालुक्यातली एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. विक्रोळी कुर्ला तालुक्यात येते. तिथे गोदरेज अँड बॉईस कंपनीची मोठी जमीन आहे. १९५६ साली सरकारी गॅझेटमध्ये एक नोटीस छापून आली की ही जमीन वन कायद्याच्या कलम ३५ खाली येते. पुढे काही झालं नाही. ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने संपादन कायदा लागू झाला. ज्या खाजगी जमिनींना अशी नोटीस निघाली होती त्या सरकारच्या वन झाल्या, असा त्याचा अर्थ लावून सरकारने २००६ च्या सुमाराला सातबाऱ्यावर तशा नोंदी टाकायला सुरुवात केली. विक्रोळी, मुलुंड आणि इतर ठिकाणच्या अशा जमिनींवर तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या, लोक राहत होते. कंपनी, बिल्डर, घर घेतलेले लोक, सगळे कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टात २४ मार्च २००८ ला ते हरले. सुप्रीम कोर्टात ३० जानेवारी २०१४ ला जिंकले. कोर्टाने म्हटलं, नोटीस नुसती निघून चालत नाही. ती मालकाच्या हातात पडली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. आणि इतकी वर्षं पडून राहिलेला कागद आता उठवता येणार नाही.

ज्यांनी कर्ज काढून तिथे घर घेतलं त्यांची घरं वाचली याचं आम्हाला वाईट वाटत नाही. कोर्टाचं तत्त्वही चांगलं आहे. आमचं एवढंच म्हणणं की तेच तत्त्व पाड्यापर्यंत आणा. आपल्या वनहक्काच्या दाव्यांचं काय होतं? दावा फेटाळला तर तो कागद दावेदाराला द्यायचा, कारण सांगायचं, अपिलाला मुदत द्यायची, असं नियमात लिहिलंय. किती जणांच्या हातात तो कागद पडला? आपल्याकडे आहेत असे लोक ज्यांना दावा नामंजूर झाल्याचं दोन वर्षांनी कळलं, तेही वनरक्षकाच्या तोंडून. आणि १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला की ज्यांचे दावे फेटाळले त्यांना बाहेर काढा. देशभर आरडाओरडा झाला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस पाड्यांवर कसे गेले ते आपण विसरलेलो नाही. विक्रोळीत न पोचलेला कागद मेलेला ठरला. आपल्याकडे न पोचलेल्या कागदावर घर जायची वेळ आली.

फरक कुठे पडला? वकिलाचा पडला, पैशाचा पडला, हे खरं. पण आणखी एक गोष्ट होती. त्यांनी जुना कागद जपून ठेवला होता. कोणती परवानगी कधी मिळाली, कोणाला काय लिहिलं, सगळं फाइलला होतं. बिल्डरची कचेरी म्हणजे कपाटंच कपाटं असतात. आपली वनहक्क समितीची फाइल कुठे असते? माजी सचिवाच्या घरी, पेटीत, आणि तो आता कल्याणला कामाला आहे.

कुर्ला तालुक्यातलीच आणखी एक जागा सांगतो, चांदिवली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हजारो गरिबांच्या झोपड्या होत्या. १९९७ च्या मे महिन्यात हायकोर्टाने त्या हटवायला सांगितलं. ज्यांचा १९९५ पूर्वीचा पुरावा होता त्यांनी ७,००० रुपये भरायचे आणि दुसरीकडे घर घ्यायचं असं ठरलं. आधी त्यांना कल्याणच्या बाजूची जागा दाखवली. लोकांनी नाकारली, कामधंदा मुंबईत आणि घर कल्याणला कसं जमेल. निवारा हक्क सुरक्षा समिती त्यांच्यामागे उभी होती. मोर्चे निघाले, कोर्टात भांडण चाललं, शेवटी चांदिवलीच्या जुन्या दगडखाणीच्या जागेवर घरं बांधली गेली. बांधली बिल्डरनेच, त्याबदल्यात त्याला दुसरीकडे बांधायचा हक्क मिळाला. वस्तीचं नाव लोकांनी ठेवलं संघर्षनगर. म्हणजे बिल्डरशी व्यवहार झालाच, पण लोक आधी संघटित झाले आणि मग टेबलावर बसले. ज्यांचं नाव यादीत नव्हतं किंवा ज्यांच्याकडे सात हजार नव्हते त्यांचे हाल झाले. ते हाल त्या नावाने झाकले जात नाहीत. आणि त्याच उद्यानातल्या पाड्यांवरचे आपले आदिवासी भाऊबंद आजही हक्काच्या कागदाची वाट बघतायत.

आरेतला प्रजापूरपाडाही आपल्याला माहीत आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी तो उठवला आणि कुटुंबांना अंधेरीकडे चकाल्याला एसआरएच्या इमारतीत घरं दिली. एसआरएचं घर किती असतं? १९९५ ला २२५ चौरस फूट, २००८ पासून २६९, २०१८ पासून ३००. तेवीस वर्षांत पंचाहत्तर फूट वाढलं. सरकारी हिशोबात झोपडी गेली आणि पक्कं घर मिळालं, म्हणजे फायदा झाला. पण ज्याच्या घरापुढे अंगण होतं, मागे वाडी होती, कोंबड्या होत्या, पावसात भाजी निघायची, त्याला चौरस फुटात कसं मोजणार? आपल्यात घर म्हणजे भिंती नव्हे. कारवीच्या कुडाला शेणमाती लावली की भिंत झाली, ती दोन दिवसांचं काम. घर म्हणजे ओटी, अंगण, चूल, आणि जिथे मेढ रोवायला पाडा जमतो ती जागा. बिल्डरच्या यादीत याला नावच नाही, म्हणून त्याची भरपाई पण नाही.

इथे एक चांगली बातमी सांगायची राहू नये, कारण ती अजून बऱ्याच पाड्यांना माहीतच नाही. २३ सप्टेंबर २०२० ला राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतला अधिकार वापरून अधिसूचना काढली. अनुसूचित क्षेत्रात आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना गावाजवळच्या वनजमिनीवर घर बांधण्यासाठी जागा मिळू शकते. घर वाढलं, पोरं वेगळी झाली, गावठाणात जागा उरली नाही, म्हणून आपली माणसं शहराच्या झोपडपट्टीत जातात. ती थांबावी म्हणून हा बदल केला. म्हणजे घर बांधायचा हक्क आपल्यालाही आहे, एजंट लागत नाही. पण हा हक्क ग्रामसभेतून जातो. ग्रामसभाच झाली नाही तर राज्यपालांचा कागद आपल्या काय कामाचा?

आता जमिनीचं बोलू. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देता येत नाही, हे महसूल कायद्याच्या कलम ३६अ मध्ये आहे आणि ते १९७४ पासून आहे. विक्री, गहाण, भाडेपट्टा, बक्षीस, काहीही असो. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची परवानगी, बाकी सगळ्याला कलेक्टरची परवानगी आणि त्याआधी राज्य सरकारची मंजुरी. हे फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू आहे असा काही जणांचा समज आहे. कर्जत, खालापूर, पेणच्या साथींनी नीट ऐकावं, क्षेत्र अनुसूचित नसलं तरी ३६अ तुम्हाला आहेच. अनुसूचित क्षेत्रात तर २०१६ पासून ग्रामसभेची मंजुरीसुद्धा जोडली गेली. २०१७ मध्ये सरकारच्या महत्त्वाच्या प्रकल्पांसाठी ती अट सैल केली, पण बिल्डरच्या प्लॉटिंगसाठी केली नाही. आणि वनहक्काचा पट्टा तर विकताच येत नाही. तो नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, पोरांना वारसाने जातो, पण विकायचा नाही, कोणाच्या नावाने करायचा नाही, असं वनहक्क कायद्यात स्पष्ट आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं की आदिवासी शेतकऱ्याला जमीन खाजगी माणसाला भाडेपट्ट्याने देता यावी आणि एकरी वर्षाला किमान ५०,००० रुपये मिळावेत. ते जाहीर झालं आणि आठवड्यात एजंट पाड्यावर सांगू लागले, कायदा बदलला, आता सही करा. आम्ही हे लिहितो तेव्हा ३६अ जागेवर आहे. भाषणाने कायदा बदलत नाही.

एजंट येतो तेव्हा 'जमीन द्या' असं म्हणत नाही. तो म्हणतो सातबारा दाखवा, तुमचं नाव बरोबर लागलंय का बघतो. मग म्हणतो, कुलमुखत्यारपत्र करून ठेवू, तुम्हाला तहसीलला चकरा नकोत. मग साठेखत. मग नोटरीचा शिक्का. कायद्याने यातल्या कशालाच किंमत नाही, पण कुंपण पडतं ते खरं असतं. एकदा तारेचं कुंपण आणि वॉचमन बसला की आपल्याला गुरं चारायलाही जाता येत नाही, आणि कोर्टात सिद्ध करायला दहा वर्षं जातात.

आणि आता अवघड गोष्ट. एजंटाबरोबर पाड्यात येणारा पोरगा आपलाच असतो. दहावी-बारावी शिकलेला, मोटारसायकल असलेला, सगळ्या घरांत ओळख असलेला. त्याला कमिशन मिळतं. आम्ही पण बारावीच शिकलोय, नोकरी नाही म्हणजे काय ते आम्हाला वेगळं सांगायला नको. तो वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. पण एका गावात असा पोरगा वनहक्क समितीवर सचिव आहे. गावाचे सगळे दावे, नकाशे, सर्व्हे नंबर त्याच्या हातात आहेत, आणि त्याच हाताने तो प्लॉट दाखवतो. यावर संघटनेत दोन मतं आहेत. जुने कार्यकर्ते म्हणतात, त्याला काढलं तर तो पूर्ण तिकडे जाईल, सांभाळून घ्या. आमचं मत वेगळं आहे. तो संघटनेत राहू दे, मोर्चाला येऊ दे, जेवायला बसू दे. पण जो जमिनीच्या व्यवहारात कमिशन घेतो त्याने वनहक्क समितीवर राहू नये आणि ग्रामसभेचं दप्तर त्याच्या घरी असू नये. आणि हे त्याच्या पाठीमागे चावडीवर न बोलता ग्रामसभेत, त्याच्यासमोर, ठराव करून व्हावं. त्याचं म्हणणंही लिहून घ्यावं. विक्रोळीच्या केसमध्ये कोर्टाने हेच तर सांगितलं, आधी ऐकून घ्या.

समिती कशी असते ते पुन्हा सांगतो, कारण निम्म्या गावांत सभासदांनाच माहीत नसतं की ते सभासद आहेत. दहा ते पंधरा जण, ग्रामसभेने निवडलेले. दोन तृतीयांश तरी आदिवासी पाहिजेत, एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे लोक हजर लागतात आणि आलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. आम्ही एका गावी रजिस्टर बघितलं. समितीत पंधरा नावं होती. तीन जण वारले होते. दोन बाया लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या होत्या. एका काकूला विचारलं तर त्या म्हणाल्या, "माझं नाव हाय? मंग मला बोलवत का नाय?" बिल्डरांची संघटना सभासदाला बोलवायला विसरते असं होत असेल का?

२०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे पाडासुद्धा आपलं वेगळं गाव जाहीर करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा बसवू शकतो. मोठ्या ग्रामपंचायतीत आपला आवाज दबतो अशी तक्रार करणाऱ्या पाड्यांनी हा रस्ता धरावा. कागद बराच आहे, पण होतो.

आणि जे कुर्ला, घाटकोपर, ठाण्याच्या नाक्यावर बांधकामाला जातात त्यांच्यासाठीही सभासदीची एक जागा आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतात, तो पैसा कामगारासाठी असतो. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तिथेच आपली माणसं अडकतात, कारण मुकादम रोज बदलतो आणि लिहून कोणी देत नाही. ज्या टॉवरची जाहिरात आपण प्रदर्शनात बघितली त्याच्या खड्ड्यात आपला भाऊ उतरलेला असतो, पण कुठल्याच यादीत त्याचं नाव नसतं. बिल्डर सभासद, घर घेणारा सोसायटीचा सभासद, आणि बांधणारा कोणाचाच नाही. नाक्यावरच्या साथींनी वहीत तारीख, जागा आणि मुकादमाचं नाव रोजच्या रोज लिहून ठेवायला सुरुवात करावी. ती वही घेऊन दाखल्यासाठी भांडायला आम्ही येतो.

हे पत्रक अजून सायक्लोस्टाइलवर निघतं, शाई हाताला लागते, यावर काही जण हसतात. हसू द्या. पण सभासद वर्गणीच्या पावत्या मात्र या वर्षी निम्म्याच फाडल्या गेल्यात. उरलेली पावतीपुस्तकं कार्यकर्त्यांच्या पिशवीत तशीच आहेत.

शहापूर, मुरबाड, भिवंडी, पालघर, कर्जत, खालापूर, पेण या तालुक्यांतल्या पाड्यांनी पुढच्या अंकाच्या आत तीन गोष्टी साध्या कागदावर लिहून पाठवाव्यात. वनहक्क समितीवर आज जिवंत आणि गावात हजर असलेले सभासद कोण. शेवटची ग्रामसभा कोणत्या तारखेला झाली आणि किती बाया आल्या. पाड्यात एजंट येऊन गेला असेल तर त्याने कोणता सर्व्हे नंबर विचारला. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या आणि खाली अंगठा द्या. कागद कार्यकर्त्याच्या हातात द्या आणि दिल्याची पावती मागून घ्या.